दोन इंच जास्तीचा पाय

नाई वो बाई, पायाचं दुकान नाई टाकलं मी. घाटंजीच्या बाजारात तुमाले ज्या कोनी सांगतलं असन, त्यानं अर्धंच सांगतलं. पाय बनवनारा मानूस वेगळा हाय, तो यवतमाळले बसते. मी फक्त मापं घेतो, कागद भरतो, अन् आलेली वस्तू ज्याची त्याले नेऊन देतो. कुबड्या, तीन चाकाची सायकल, कानाची मशीन, आंधळ्याची घडीची काठी, असं सारं. दुकान असतं तर पाटी लावली नसती काय, अन् पाटीवर मोठ्या ननंदेचं नाव टाकलं नसतं काय? तेवढी तरी अक्कल मले हाय, तुमी मानत नसान तरी.

आता मांगं येऊन नमस्कार करतो, कारन सुरवातीलेच तोंड सुटलं. तीर्थरूप विजयमालाबाईले भावजय रत्नप्रभाचा, डोक्यावर पदर घेऊन, दोन्ही हात जोडून नमस्कार. (पदर खरंच घेतला. लिवता लिवता पडला, मंग पुन्हा घेतला.) तुमची कंबर कशी हाय? मांगच्या खेपेले तुमी उठल्या तवा असा आवाज आला का मले वाटलं शेजारच्यायनं दार लावलं. भाऊजींचा खोकला बसला का अजून साऱ्या गल्लीले तोच उठवते? मी बरी हाय. म्हंजे आंगानं बरी हाय. बाकीचं खाली लिवतो. पत्र लांब होईन, म्हनून चुलीवर काई असन तर आधी उतरून ठेवा, नाईतर माह्या नावानं वरन करपन अन् तुमी ते पुढच्या दिवाळीपर्यंत सांगत राहान.

तुमाले मालूमच हाय, तुमचा भाऊ गेल्याले सहा वर्स झाले, अन् तवापासून शिलाईच्या मशीनवर घर चालून राह्यलं. पन मांगचे तीन वर्स कापूस असा काई आला का बायाईनं नवं ब्लाऊज शिवनंच सोडून देल्लं. लगनघरच्या बाया सुदा जुनं ब्लाऊज घेऊन येत अन् म्हनत, रत्नाबाई, थोडं उसवून ढिलं करून द्या. मी म्हनो, वावरात काई पिकलं नाई तर तुमी कशा वाढल्या? त्या हासत, मीही हासो, अन् मशीन तशीच झाकून राहे. तेवढ्यात यवतमाळच्या एका संस्थेचा कागद ग्रामपंचायतीत आला. हातपाय, कान, डोये ज्यायचे अधू हायत, त्यायले गावातच साधनं पोचवाची, त्यासाठी लिवता वाचता येनारी अन् माप घेता येनारी बाई पाहिजे. सरपंचानं माहं नाव देल्लं. (माह्यावर लोभ होता म्हनून नाई. मी दर ग्रामसभेत त्याच्या नळाच्या भाषनावर बोलतो, त्याले दहा दिवस तरी शांतता पाहिजे होती.)

दहा दिवसाचं शिकवनं झालं यवतमाळले. आमी अकरा बाया होतो. शेवटी एक बिल्ला देल्ला, त्याच्यावर लिवलं हाय 'साहाय्यक साधन सेवा प्रदाता'. बाई, मी चवथी पास, मले हे नाव अजून एका दमात म्हनता येत नाई. एस.टी.त कंडक्टरनं विचारलं का हे काय होय, तर मी म्हनलं, तुमीच वाचा अन् मलेही सांगा. गावात मले सारे 'पायवाली' म्हनतात. माह्या साऱ्या जन्माचं शिवनकाम एका दिवसात पुसलं गेलं.

शिकवनारा अफरोज. पुसदचा हाय, तीस-बत्तीस वर्साचा, हात कायम पलस्तरानं पांढरे. संस्थेचे पाय, कुबड्या, पट्ट्या तोच बनवते. मले पयल्या दिवसापासून खाला म्हने, म्हंजे त्यायच्यात मावशी. त्यानं सांगतलं का माप घेताना मानूस उभा पाहिजे, पाय उघडा पाहिजे, जमीन सपाट पाहिजे, अन् सगळ्यात आधी त्याले विचाराचं, हात लावू काय. मी म्हनलं, बापू, आमच्या गावात सपाट जमीन एकच, मारुतीच्या देवळाचा ओटा, अन् तिथं कुत्रं झोपलेलं असते. तो म्हने, मंग कुत्र्याले आधी विचारा. असा मानूस. आमी एकमेकीचे पाय मोजून पाह्यले तवा माह्या मापात सुताचाही फरक आला नाई. शिवनाऱ्या बाईचा हात होय तो. अफरोजनं संस्थेच्या नीळकंठराव सरांसमोर सांगतलं का या खालाच्या मापावर मी डोळे मिटून काम करीन. (हे वाक्य ध्यानात ठेवा. मी ठेवलं हाय, अन् त्यानं मले जेवन जात नाई.)

सुरवात लय बरी झाली, हेही लिवाले पाहिजे, नाईतर तुमाले वाटन मी पयल्या दिवसापासूनच गोंधळ घातला. पुंडलिकरावाले कानाची मशीन मी बसवून देल्ली. आमच्या गावचे रिटायर पोस्टमन, साऱ्या गावच्या चिठ्ठ्या वाटल्या अन् आता स्वतःले काई ऐकू येत नव्हतं. ती मशीन खिशात राहते अन् तिची तार कानात जाते. गावातल्या लोकाईले वाटलं म्हातारा रेडिओवर म्याच ऐकून राह्यला. जो तो विचारे, काका, स्कोर किती झाला? पयले दोन दिवस त्यायनं चिडून पाह्यलं. तिसऱ्या दिवशी सांगाले लागले, दोनशे चाळीस, सहा बाद. म्याच नव्हताच कोनता. पन त्यायच्या ओट्यावर आता रोज दहा मानसं बसतात. म्हातारा मले म्हने, रत्ना, कान देल्ला तू, त्याच्यापेक्षा मानसं देल्ली. मी त्या दिवशी घरी येऊन आरशात पाह्यलं का मी खरंच चांगली बाई हाय काय. वाटलं, हाय. दोन महिने वाटत राह्यलं.

मंग देवसिंग. आमच्या गावाले लागून जो तांडा हाय, तिथला. छत्तीस वर्साचा. दोन वर्सामांगं कापसाच्या खरेदीच्या रांगेत तीन दिवस उभा होता. रांग हालली तवा बाजूची भरलेली ट्रॉली कलली अन् याच्या डाव्या पायावर आली. टोंगळ्याच्या (आमच्या कागदात त्याले गुडघा म्हनतात) चार बोटं खालून पाय काढाव लागला. तवापासून कुबडीवर हाय. मानूस बोलते कमी, पन बोलते ते नेम धरून. मले म्हने, वहिनी, चालाचं तर मी कुबडीवरही चालतो. पन कापूस येचाले दोन हात लागतात अन् माहा एक हात कुबडीनं धरून ठेवला हाय. मले पाय नको, मले माहा हात वापस पाहिजे. असं मागनं कोनी मागतलेलं मी ऐकलं नव्हतं. मी म्हनलं, भेटन. संक्रांतीच्या आत भेटन.

पुसदच्या शिबिरात अफरोजनं देवसिंगच्या राह्यलेल्या पायाचा पलस्तरानं साचा घेतला. शिबिरात एवढी गर्दी होती का मानसं मानसाच्या पायावर उभी होती, म्हनून चांगल्या पायाचं माप मी तांड्यात जाऊन निवांत घ्याचं ठरलं. टोंगळ्यापासून जमिनीपर्यंत किती इंच, अन् पावलाचा नंबर किती. दोन आकडे. त्याच्यावरून नव्या पायाची उंची अन् पाऊल ठरते. मी गेली. तांड्यातल्या साऱ्या बाया अंगनात जमल्या, जसं काई मी सर्कस घेऊन आली. देवसिंगची माय जमनाबाई, तिनं खाट टाकली. खाटीले धरून देवसिंग उभा झाला, पायजमा टोंगळ्यावर सारला. मांगून एक बाई म्हनली, आता ह्या मानसाचे पाय धरनार वाटते. साऱ्या हासल्या. मीही हासली. मंग कागद भरला, सही केली, जमनाबाईच्या हातचा चहा पेली अन् घरी आली. एवढंच झालं.

पाय आला मांगच्या शनिवारी. शाळेच्या पटांगनात कार्यक्रम ठेवला. खुद्द नीळकंठराव सर आले, पेपरचा फोटोवाला आला. पाय खुर्चीवर उभा केला. जमनाबाईनं त्याले हळदकुंकू लावलं अन् हार घातला, जसं नव्या ट्रॅक्टरले लावतात. सरपंचानं पायासमोर नारळ फोडला, त्याचं पानी पायात गेलं, ते अफरोजनं रुमालानं पुसलं. मंग देवसिंगले खुर्चीवर बसवलं, पट्टे आवळले, अन् सर म्हनले, उठा. बाई, देवसिंग उठला. उजव्या बाजूनं उठून थांबला, पन डाव्या बाजूनं उठतच राह्यला. एक खांदा देवसिंगचा अन् दुसरा कोन्या उंच मानसाचा. फोटोवाला म्हने, सरळ उभे राहा. त्यानं तीन डाव सरळ व्हायचं करून पाह्यलं. चौथ्या डावाले फोटोवाला पुन्हा म्हनला तवा देवसिंग म्हने, "मी सरळच हाय भाऊ, तुमची जमीन वाकडी हाय."

सारं पटांगन हासलं. सरांनी जमनाबाईले नंबर विचारून आपल्या हातानं याच्यासाठी सहा नंबरचे बूट आनले होते. उजवा बूट गेला. डावा जाईना. रबराचं पाऊल असं मोठं का बूट त्याच्यापुढं लेकराचा दिसे. सरांनी चमचा मागतला, बूट सरकवाले. शाळेत चमचा कुठला, खिचडीची पळी आनली. सर खाली बसून, कपाळावर घाम, पळीनं बूट लोटून राह्यले, अन् वरून देवसिंग वाकडा उभा. सगळ्यात जास्त मीच हासली. मले हासनं आलं का थांबत नाई, हे तुमी माह्या लगनापासून पाहून राह्यल्या. मंग जमनाबाई पुढं आली. तिनं पायावरचा हार काढला, घडी केली अन् पदरात ठेवला, अन् कोनाकडं न पाहता देवसिंगची कुबडी आनून त्याच्या हातात देल्ली. तवा माहं हासनं थांबलं.

अफरोजनं टेप काढला अन् देवसिंगचा चांगला पाय मोजला. टोंगळ्यापासून खाली अठरा इंच. पाऊल सहा नंबर. मंग त्यानं खिशातून मी भरलेला कागद काढला. त्याच्यावर वीस इंच. नऊ नंबर. खाली माही सही, शाळेत गिरवून घेतली होती तशी गोल. त्यानं कागद पाह्यला, माह्याकडं पाह्यलं, अन् कागद घडी करून पुन्हा खिशात ठेवला. सर म्हनले, हे कसं काय झालं? संस्थेत नियम असा हाय का पाय घडवाच्या आधी बनवनाऱ्यानं माप पुन्हा तपासाव. अफरोजची एक चूक आधीची हाय, एका पोरीची पायाची पट्टी घट्ट झाली होती. ही दुसरी. तरी तो म्हने, "सर, गलती मेरी है. खाला का कागज बराबर था, पढ़ने में मैंने गड़बड़ की."

मी तिथंच उभी होती, बाई. चार हातावर. माहं तोंड, जे सरपंचाच्या भाषनात बंद होत नाई, भाऊजींच्या खोकल्यावर बंद होत नाई, ते बंद राह्यलं. सर म्हनले, संक्रांतीनंतरच्या बुधवारी आफिसात बसून ठरवू, नागपूरचा एक कारागीर कामासाठी विचारूनच राह्यला हाय. म्हंजे बुधवारी अफरोजले काढतीन. अन् देवसिंगचा नवा पाय, त्याच्यानंतर, नवा मानूस आला का. मी हे सारं ऐकलं अन् खुर्च्या उचलाले लागली. कोनी सांगतलं नव्हतं. शाळेच्या साऱ्या खुर्च्या मी एकटीनं आत नेऊन ठेवल्या.

संध्याकाळी अफरोजले एस.टी.च्या थांब्यापर्यंत सोडाले गेली. मी विचारलं, दोन इंच कापून नाई काय टाकता येत, मी पायजमा करतो तसं? म्हने, खालून कापला तर पाऊल जाते, वरून कापला तर राह्यलेला पाय जिच्यात बसते ती वाटी जाते, सारा पाय नवाच घडवा लागन. मंग मी म्हनलं, बापू, माहा टेप जुना हाय, कापडाचा, ताणला असन. त्यानं सबुरीनं सांगतलं, खाला, टेप ताणला तर आकडा कमी येते, जास्त येत नाई. हे मले मालूम नव्हतं काय? बावीस वर्स टेप गळ्यात हाय माह्या. मंग मी दुसरं काढलं. म्हनलं, आमा शिवनाऱ्यायची सवय असते, शाळेच्या लेकराईचे कपडे आमी वाढत्या मापानं शिवतो, दोन इंच जास्तीचे, म्हंजे पुढच्या वर्सीही येतात. तेच हातातून गेलं असन. तो हासला. म्हने, "देवसिंग छत्तीस साल का है खाला, और कितना बढ़ेगा?"

मले वाटलं तो रागावन. रागावला असता तर मी भांडली असती, मले भांडता येते. तो फक्त म्हनला, खाला, माप लेते वक्त हुआ क्या? मी रस्त्याकडं पाह्यलं अन् म्हनलं, बस आली. बस आली नव्हती. आमी दोघंही अर्धा घंटा न आलेल्या बसकडं पाहत उभे राह्यलो.

परवा बाजारात देवसिंग भेटला, कुबडीवरच. मी बांगड्यावालीच्या मांगं लपाले गेली, (पांढऱ्या कपाळाची बाई बांगड्याच्या दुकानामांगं लपली म्हंजे सारा बाजार पाहतेच) तर त्यानं आवाज देल्ला. वाईट काई बोलला नाई. म्हने, वहिनी, पाय खुंटीले टांगून ठेवला हाय. पायात काई खोट नाई. फक्त मानूस दुसरा पाहिजे. अन् गेला टकटक करत. मी भेंडी घ्याले गेली होती, हातात काय घेऊन आली तर दोन किलो मुळे. तेच खाऊन राह्यली. त्याचाही वास साऱ्या घराले लागला हाय, तुमी आल्या तर नाकाले पदर लावान.

तर बाई, असं हाय माहं दुकान. तुमी मले कायम म्हनता का रत्ना, तू कोनाचीही फजिती करतं, तुही फजिती कोनी करन तवा मले कळव. हे कळवलं. माह्या हातातून लय लाजिरवानं काम झालं अन् त्याचा दंड दुसराच मानूस भरून राह्यला. तीळ यंदा महाग हाय, म्हनून तिळगुळ कागदावरच घ्या, अन् गोड बोलाचं काई बंधन तुमाले नाई, या खेपेले तर नाईच. भाऊजींना नमस्कार, खोकल्याले वेगळा.

तुमची भावजय
रत्नप्रभा
(तालुका महागाव, गुरुवार, ११ जानेवारी २००७)

ता. क. हे पत्र पोस्टात टाकत नाई, घाटंजीच्या गाडीच्या कंडक्टरजवळ देतो, उद्याच तुमच्या हातात पडन. त्याले चहा पाजा. अन् एक काम हाय, त्यासाठीच एवढं लिवलं. बुधवारी सकाळच्या गाडीनं तुमी यवतमाळले या. मी स्टँडवर भेटीन. अकरा वाजता सरांच्या आफिसात जाऊन मी सांगनार हाय का अफरोजची चूक नाई, कागदच खोटा होता. तुमी काई बोलू नका, फक्त माह्या बाजूले बसा, अन् मी उठून पळाले लागली तर पदर धरा. तुमचा हात मजबूत हाय, मी पाह्यला हाय. सर मले काढतीन हे मालूम हाय. मशीनवरचं झाकन मी कालच काढून ठेवलं.

ता. क. दुसरं. तुमाले वाटन, हिनं आपल्या बहिनीले नाई बोलावलं, शेजारनीले नाई बोलावलं, मलेच कायले? तर जे मले सांगाचं हाय ते सरांसमोर पयल्यांदा तुमच्या कानावर पडू नये म्हनून इथं लिवतो. टेप चांगला हाय. वाढत्या मापाची सवय वगैरे काई नाई. त्या दिवशी तांड्यात मी खाली बसली, टेप उलगडला, अन् देवसिंगचा उघडा पाय माह्यासमोर आला. सहा वर्स झाले, मानसाच्या पायाले माहा हात लागला नाई. मांगून त्या हासल्या अन् हात पुढं जाईना. हात लावू काय, हे त्याले विचाराचं होतं, तेही तोंडातून निघालं नाई. मी टेप तसाच हवेत धरला, मान हालवली, जसं काई माप भेटलं, अन् कागदावर हाताले जे पाठ होतं ते लिवलं. पायजमा बेचाळीस, टोंगळ्यापर्यंत बावीस, खाली राह्यले वीस. चप्पल नऊ नंबर. देवसिंगचं माप मी घेतलंच नाई, बाई. तांड्यात खुंटीले टांगला हाय तो तुमच्या भावाचा पाय हाय.